बाटलेली वंदना

अक्षताचं लग्न झालं ते साल दोन हजार बावीस. लेक पुण्याजवळच्या मांजरी गावी सासरी गेली, गुलटेकडीच्या खोलीत शालन आणि तिचा नवरा सीताराम दोघंच उरले. त्याच साली शालनची वंदना संपेनाशी झाली.

सकाळी सहाला ती बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून बसे. बुद्ध, धम्म, संघाला तीनदा शरण जायचं. तिसऱ्यांदा ‘ततियम्पि’ म्हणताना मनात एक घाण शिवी उठे, थेट मूर्तीला. मग वंदना बाटली, आता भोग सीतारामच्या वाट्याला येणार, असं वाटून ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. मेणबत्ती सरून जाई.

सीताराम मार्केट यार्डात हमाली करून वाकलेला. तो म्हणे, “बाटणं-विटाळ आपल्या आज्यानं छप्पन सालीच सोडलं. तू कुठनं परत आणलंस? आणि चहा कधी?”

“अहो, तुमच्यासाठीच म्हणते मी.”

“मग माझ्यासाठी एकदाच म्हण.”

अक्षतानं तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, “मावशी, हा आजार आहे, पाप नाही. गोळ्या घ्या. शिवी आली तरी एकदाच म्हणून उठा.” विहारातल्या भन्तेजींनीही तेच सांगितलं.

दोन महिने तिला एकदाच म्हणून उठणं जमलं नाही. मग एका गुरुवारी शिवी आली, तरी ती उठली. चहा केला. पाठीमागे गोधडीत झोपलेल्या सीतारामला हलवायला गेली. पाय गार लागला.

सातव्या दिवशी सीतारामच्या नावानं पुण्यानुमोदनाचा विधी झाला. सगळ्यांबरोबर तिनंही त्रिसरण म्हटलं. माणसं जेवायला उठली, शालन बसूनच राहिली. ओठ पुन्हा हलू लागले.

अक्षता शेजारी टेकली. “आई, बाबांना तपासायला आलेले डॉक्टर काय म्हणाले? बाबा चारलाच गेले होते. तू सहाला बसलीस.”

शालन पुटपुटली, “मग आदल्या दिवशीची चुकली असंल.”

“आदल्या दिवशी किती वेळा म्हटलीस?”

“अकरा.”

 अक्षतानं नुसता हात पुढं केला. शालनच्या कानात शिवी चालूच होती. ती ऐकत ऐकत, लेकीचा हात धरून ती उठली.

सीताराम वारला तो १२ जानेवारी २०२३, गुरुवारी, पहाटे चारच्या सुमारास, झोपेत.