सातवी बरणी

"मामा, सातव्या बरणीत खडकावरचा सरडा नाहीये. बागेतला आहे."

प्रयोगशाळेतल्या मामांनी कपाळावर हात मारला. प्रात्यक्षिक परीक्षा सुरू झाल्यापासून हुज्जत घालणारी ही चौथी. कोणाला घरातली पाल आणि झाडावरची पाल सारखीच दिसत होती. एकाने तर सापसुरळीला चक्क सापाचं पिल्लू ठरवून टाकलं होतं. चार पाय मोजायलाही या लोकांना सवड नाही!

"बाई गं, एकवीस वर्षं या बरण्या पुसतोय मी. तू मला सरडे शिकवू नकोस."

"पण सरांनी सात आणि आठ, दोन्ही चूक दिलेत. मी नापास होतेय, मामा. वर्ष जाईल माझं."

"मग नीट बघायचं! शंभरदा सांगितलंय, रंगावर जाऊ नका, फॉर्मॅलिनमध्ये रंग उडतो. अंग बघा. खडकावरचा चपटा, फटीत शिरणारा. बागेतला उभट, पाठीवर काट्यांची रांग, शेपूट अंगाच्या दुप्पट."

"तेच बघून लिहिलंय मी."

मामांचं डोकंच फिरलं. परीक्षेपुरती लेबलं भिंतीकडे फिरवलेली असत. त्यांनी सातवी बरणी उचलून लेबल तिच्या नाकासमोर धरलं. "वाच. काय लिहिलंय?"

"खडकावरचा सरडा. वाचलं. आता तुम्ही आत बघा ना."

तिचं तोंड एकदाचं बंद करावं म्हणून ते बरणी घेऊन खिडकीशी गेले. मानेपासून पाठीवर काट्यांची रांग. शेपूट मावत नव्हतं म्हणून दोनदा वळवलेलं. आठवी बरणी बघायची गरज नव्हती, तरी बघितली. चपटा.

लेबलांच्या दोऱ्याच्या गाठी त्यांच्याच हातच्या होत्या. नऊ वर्षांपूर्वी फॉर्मॅलिन बदललं, तेव्हा त्यांनीच सगळी लेबलं सोडली आणि पुन्हा बांधली. त्यानंतर दरवर्षी बरण्या पुसल्या, मांडल्या, लेबलावरून सरांना उत्तरांची यादी करून दिली. आत काही पाहिलं नाही. मामांना स्वतःचाच संताप आला.

ते तडक सरांच्या टेबलाशी गेले. "सर, हिचं बरोबर आहे. सात-आठची लेबलं मी उलटी बांधलीत."

"मामा, बाहेरचे परीक्षक बसलेत समोर," सर दबक्या आवाजात म्हणाले. "हे आत्ताच काढायचं होतं?"

"आत्ताच. पोरीचं वर्ष जातंय."

सरांनी चडफडत गुण दुरुस्त केले.

"थँक्यू, मामा."

"थँक्यू काय म्हणतेस? जा घरी!" मामा खेकसले.

मग ते गाठी सोडायला बसले. सातव्या बरणीवरून भांडणारं दरवर्षी कोणी ना कोणी असायचंच. मागे एक उंच पोरगी तीनदा आली होती. तिसऱ्यांदा त्यांनी तिला सगळ्यांदेखत सुनावलं होतं, डोळे तपासून घे आधी.

आठवड्याने ती नवा चष्मा लावून आली होती. सातव्या बरणीत बराच वेळ बघत राहिली, आणि "माझंच चुकलं, मामा," म्हणून गेली.