चौकटच्या दुर्रीचा एक हात

मी एक जुनी दुर्री आहे, मित्रांनो. चौकटची. पत्त्यांच्या कॅटमध्ये माझ्याहून हलकं कोणी नाही, आणि त्यातही मी अस्सल नाही. अस्सल दुर्री लाहूच्या बकरीने खाल्ली, तिच्या जागी माझी भरती झाली.

तलासरीच्या पुढे डोंगराकडच्या पाड्यावर लाहू आणि त्याची बायको काळी राहतात. त्यांच्या सुनेने, संगिताने, आपल्याच लग्नाची उरलेली पत्रिका कापली, शिजल्या भाताच्या शितांनी ती जोकरच्या तोंडावर चिकटवली आणि नेलपॉलिशने दोन लाल चौकटी काढल्या. माझ्या कोपऱ्यात अजून 'चि. सुनिल' एवढी अक्षरं दिसतात. सुनिल हा लाहू-काळीचा मुलगा.

कामाचं म्हणाल तर मला कधी कोणी मान दिला नाही. मी हातात आले की माणसाचं तोंड उतरतं. मला आधी टाकतात, मोठे पत्ते मला झोपवतात, आणि पुन्हा पिसणं सुरू. वर्षानुवर्षं असं पडत राहून मी थकले आहे. माझ्या कडा कापसासारख्या मऊ झाल्या आहेत.

पण त्या घरात पत्त्यांना काम मोठं होतं. बोलून जे मिटत नाही ते मेंढीकोटावर मिटवायचं, ही तिथली रीत. लाकडं कोणी आणायची, नागलीच्या राखणीला कोणी जायचं, सगळं पत्त्यांवर ठरे. म्हातारा-म्हातारी एका बाजूला, सुनिल-संगिता दुसऱ्या. हरणाऱ्याने तो विषय पुन्हा काढायचा नाही.

गेल्या होळीला सुनिल आणि संगिता उंबरगावहून आले. तिथे सुनिल कंपनीत कामाला आहे. त्याने मोठी खोली घेतली होती आणि आईबापाला कायमचं न्यायचं मनात धरलं होतं. लाहू पावसाळ्यात बांधावरून पडला होता, त्याचा गुडघा अजून धड नव्हता.

"बा, पाड्यापर्यंत गाडी येत नाही. उद्या काही झालं तर कोण उचलून नेईल तुला?" सुनिल म्हणाला.

"आणि माझ्या कोंबड्या?" काळीने विचारलं.

"खोलीत कोंबड्या नाही चालत, आई."

"मग मी दिवसभर काय करू तिथं? भिंत बघू?"

दोघांचंही खरं होतं, म्हणून भांडण मिटेना. शेवटी दुपारी काळीने बिस्किटांच्या डब्यातून आम्हाला काढलं. "बसा. हरलो तर येतो तुमच्याबरोबर. जिंकलो तर पुन्हा बोलायचं नाही."

मेंढीकोटात दश्शीला मेंढी म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. चारांतल्या जास्त मेंढ्या ज्यांच्याकडे ते जिंकतात, आणि दोन-दोन झाल्या तर ज्यांचे हात जास्त ते. त्या दिवशी डाव पहिल्यापासून म्हाताऱ्यांच्या उलटा गेला. प्रत्येकाकडे दोनच पत्ते उरले तेव्हा पोरांकडे दोन मेंढ्या होत्या, म्हाताऱ्यांकडे एक. हातही पोरांचे एकाने जास्त. किलवरची दश्शी तेवढी पडायची होती, आणि ती सुनिलने दडवली आहे हे सगळ्यांना कळत होतं. आता म्हाताऱ्यांनी तीही घ्यायची आणि उरलेले दोन्ही हातही करायचे, नाहीतर घर सोडायचं.

हुकूम चौकटचा होता आणि मी लाहूच्या हातात होते. उतारी काळीची, म्हणजे पहिला पत्ता तिने टाकायचा. तिच्याकडे हुकमाचा एक्का आणि किलवरची पंजी.

"टाक एक्का, आई. कशाला ताणतेस?" सुनिल म्हणाला.

एक्का टाकला असता तर तो हात नक्की तिचा होता. पण त्याखाली मला पडावंच लागलं असतं, आणि मागून पंजी दश्शीच्या तोंडी गेली असती. काळीने गेलेले पत्ते मनात आठवले. बाहेर हुकूम एकच होता, मी. कोणाकडे आहे ते तिला माहीत नव्हतं. तिने लाहूकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि पंजी खाली ठेवली.

संगिताने बदाम टाकला. लाहूकडे किलवर नव्हतं. त्याने मला सोडलं. सुनिलला किलवर टाकणं भाग होतं, त्याने दश्शी टाकली. शेवटचा हात एक्क्याने नेला, आणि म्हातारा-म्हातारी जिंकली.

"माझ्याकडं दुर्री आहे हे तुला कळलं कसं?" लाहूने विचारलं.

"कुठं कळलं? पोरांकडं असती तर आपण गेलोच होतो. मग तुझ्याकडं आहे असंच धरलं."

त्या दिवशी संगिताने मला उचलून साडीच्या पदराने पुसलं. माझ्या आयुष्यातलं कौतुक तेवढंच.

सुनिलने शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी त्याने पाण्याचे हंडे भरून ठेवले, कोंबड्यांच्या खुराड्याची दोरी बदलली आणि दोघं गाडी धरायला अच्छाडच्या नाक्याकडे निघून गेली. त्यानंतर त्याचा फोन येतो. जेवलात का विचारतो. न्यायचं नाव काढत नाही, कारण तो हरला आहे. भाताच्या लावणीलाही आला नाही.

घर राहिलं, पण मेंढीकोटाला चार माणसं लागतात. मी जिंकून दिलेला तो डाव आमचा शेवटचा ठरला, आणि याचं मला फार वाईट वाटतं. लाहूचा गुडघा आता वाकत नाही. हंडा काळी एकटी आणते, वाटेत दोनदा टेकते.

तरी रोज दुपारी ती डबा काढते, आम्हाला पिसते आणि चार जागी वाटते. कोणी हात लावत नाही.

"कशाला वाटतेस? ती काय येणार आहेत?" परवा लाहू म्हणाला.

"येणार नाहीत असं धरून काय मिळेल?" काळी म्हणाली, आणि मला सुनिलच्या जागी ठेवलं.

मित्रांनो, मी फार पडले, आता मला निजू द्यावं असं पुष्कळदा वाटतं. पण तुमच्या ओळखीत कुठे दोनच माणसं चौघांचे पत्ते वाटून बसली असतील, तर जाऊन बसा त्यांच्याजवळ. वाट्याला दुर्री आली तरी चालेल.