उपाशी पिवळा मासा

रहिमाबीच्या लेकाला, नौमानला, स्वतःची अक्कल म्हणून नव्हतीच. जो भेटेल त्याचं ऐकायचं, ही त्याची घाणेरडी खोड. दहिवलीच्या घरात त्यानं खाऱ्या पाण्याची काचेची टाकी मांडली होती आणि काचेवरचं शेवाळ खायला एक पिवळा मासा आणला होता. आज त्या माशाचं खपाटीला गेलेलं पोट बघून म्हातारीला शिसारीच आली.

“याला खायला काय घालतोस रं?”

“काय नाय, अम्मा. मोबाइलवर एक जण सांगतो, उपाशी ठेवला तरच शेवाळ खातो.”

“मग शेवाळ कुठं हाय? काच तर आरशासारखी चकचकतेय.”

“ती मी रोज घासतो ना. दुकानवाला म्हणाला, माशाच्या भरवशावर राहू नका, काच आपणच घासा आणि याला वरून खायला घाला.”

दुकानवाल्यानं दिलेलं वाळल्या शेवाळाचं पाकीट टाकीमागे न फोडताच पडलं होतं.

रहिमाबीचं तोंड कडू झालं. पोशीरला माहेरच्या खळ्यावर तिनं मळणीच्या बैलाला कधी मुसकं बांधू दिलं नव्हतं. राबणारं जनावर चार लोंब्या खाणारच. इथं या दिवट्यानं सगळं खळंच झाडून नेलं होतं.

तिनं पाकीट दातांनी फाडलं आणि एक तुकडा पाण्यात सोडला. मासा त्यावर तुटून पडला.

“थू तुझ्या शहाणपणावर! दोघांची अर्धी अर्धी अक्कल उचललीस आणि मुक्या जिवाच्या तोंडचा घास काढलास. आजपासून आधी याचं पोट भरेल, मग तुझं ताट वाढीन, नौमान.”