तपकिरी ठिपका

सोनाबाईंच्या तळहातावर कॅल्शियमची गोळी आणि मऊ पिवळी कॅप्सूल ठेवली, आणि दिपालीची नजर कॅप्सूलच्या नव्या डबीवर गेली. चौकोनात तपकिरी ठिपका, मांसाहाराची खूण! बिस्किटाच्या पुड्यावर असा ठिपका दिसता तर तिनं पुडा दुकानातच परत केला असता.

सासूबाई माळकरी. पाळी गेल्यापासून हाडं ठिसूळ होत गेली. गेल्या वर्षी भरली बादली उचलताना मनगटच मोडलं. तेव्हापासून डॉक्टरीणबाईंची ही औषधं चालू. पर्वत पाटियाच्या मेडिकलमधून दिपालीच आणायची, आणि सोनाबाई डोळे मिटून, विठ्ठलाचं नाव घेऊन गिळायच्या.

खाली डिंडोलीच्या गल्लीत कीर्तनाचा मंडप. मृदंग सुरात लावल्याचे ठोके वर येत होते.

“पाणी दे की गं! मुहूर्त बघतेस काय? बुवा उभे राहतील तिकडे.”

दिपालीनं तांब्या उचलला, पण पुढं केला नाही. सांगावं, तर सासूबाई सगळ्याच गोळ्या सोडतील, आणि पुढच्या वेळी मनगटावर भागायचं नाही, खुबा मोडेल. न सांगावं, तर मोतीबिंदूच्या डोळ्यांना हा ठिपका जन्मात दिसणार नव्हता.

सोनाबाईंचा हात तोंडाकडे निघाला.

“आत्याबाई, थांबा! कॅप्सूल नका घेऊ. तिचं कवच जनावराच्या हाडाकातड्यातून काढतात.”

हात तसाच अधांतरी राहिला. “आधीच्या?”

“त्यांच्या डब्या मी बघितल्याच नव्हत्या.”

सोनाबाईंनी निखारा ठेवावा तशी कॅप्सूल खाली ठेवली. मग दोन्ही हात मानेमागे गेले. माळ केसांत अडकली. पुढं व्हायची दिपालीची छाती झाली नाही. माळ देवापुढं ठेवून त्या वळल्या.

“माहेरी मटण खातेस तू. गप्प बसली असतीस तर मला कुठं कळणार होतं?”

“तुम्ही डोळे मिटून घेता माझ्या हातचं. मग कसं गप्प बसू?”

सोनाबाईंनी खाली ठेवलेली कॅप्सूल सुनेकडे सरकवली.

“माळेचं मी आणि पांडुरंग बघून घेऊ,” सोनाबाई म्हणाल्या. “गोळीचं तू बघ. हिरव्या ठिपक्याची मिळते का विचार. नसेल तर डॉक्टरीणबाईला म्हणावं, दुसरं काही दे. लुळं पडून नाही राहायचं मला. आणि ही दुसरी?”

“हिरवीच आहे.”

“नीट बघ.”

दिपालीनं डबी उजेडात धरून पुन्हा बघितली. “हिरवी.”

सोनाबाईंनी गोळी गिळली. मोकळा गळा पदरानं झाकला, सुनेचा दंड धरला.

“चल. आज मागं बसू.”