'दु.' म्हणजे दुरुस्त

प्रयोगशाळेत मी पेशींना खायला घालते. रविवार असो की अंगात ताप असो, त्यांची वेळ चुकवता येत नाही. सासूबाई म्हणतात, "एवढं लक्ष आमच्याकडे दिलं असतंस, तर आम्हीही बशीत राहिलो असतो."

त्या दिवशी काकू आल्या. त्यांचा धाकटा मुलगा वर्षापूर्वी गेला, एकविसाव्या वर्षी. हृदयाचा आजार, वडिलांकडून आलेला. जाण्याआधी त्याने दंडावरची मसुराएवढी त्वचा आम्हाला दिली होती. तिच्यापासून आम्ही मूळपेशी केल्या आणि त्यांच्यापासून हृदयाच्या पेशी. त्या बशीत आपल्या आपण धडधडतात. हे कळल्यापासून काकूंनी साहेबांच्या मागे लकडा लावला होता की एकदा बघू द्या. सहा महिन्यांनी साहेब विरघळले आणि काम माझ्या गळ्यात पडलं.

मला रडणारी माणसं झेपत नाहीत. पण काकू रडल्या नाहीत. सांगितलं तसे कोपरापर्यंत हात धुतले आणि उबदार कपाटापाशी उभ्या राहिल्या.

आत दोन बश्या होत्या. आकड्यांचा एकदा घोळ घातल्यापासून मी झाकणांवर मराठीत लिहिते. एकीवर 'मू.', दुसरीवर 'दु.'. काकूंनी 'दु.'कडे बोट केलं.

"हाच. माझा दुसरा."

'दु.' म्हणजे दुसरा नव्हे, दुरुस्त. पेशी त्याच मुलाच्या, पण जनुकातलं चुकलेलं एक अक्षर आम्ही त्यांच्यात सुधारलं होतं, 'मू.'मधल्या मूळ, न सुधारलेल्या पेशींशी तुलना करायला. मी तिथेच बोलायला हवं होतं. पण ही बशी देखणी धडधडते. म्हटलं, बघू दे माउलीला. सूक्ष्मदर्शकाखाली तीच ठेवली.

काकूंची बोटं टेबलावर ठेका धरू लागली. मग थांबली.

"हा तो नाही."

"काकू, त्याच्याच आहेत."

"बाळा, लहानपणी त्याच्या छातीवर हात ठेवून झोपायचे मी. दोन ठोके, मग थांबायचा, मग एक. हा थांबतच नाही."

मी सगळं खरं सांगून टाकलं, त्या एका अक्षरासकट.

त्यांनी पुन्हा डोळा लावला. बराच वेळ बघत राहिल्या.

"म्हणजे असा राहिला असता," त्या म्हणाल्या. "गुणी दिसतोय. आता माझा दाखव."

मी 'मू.' ठेवली. बशीतली लय माणसाच्या छातीसारखीच असते, असं कुठलंही पुस्तक सांगत नाही. पण तिथे दोन ठोके पडले, थांबले, मग एक पडला. प्रत्येक खंडात काकू पुटपुटत होत्या, "एक, दोन." ठोका. "एक, दोन." ठोका.

पाच मिनिटांवर बशी बाहेर ठेवायची नाही, हा नियम माझाच. पंधरा झाली होती. मला त्यांना उठवावंसं वाटत नव्हतं, तरी म्हटलं, "काकू, आत ठेवायला हवी. पेशी गारठल्या तर बंद पडतील."

"जरा थांब गं," डोळा न काढता त्या म्हणाल्या. "तो गेला त्या दिवशी मी चाळीसपर्यंत मोजलं होतं. इथे दोनातच येतोय."