डब्याविना वाटीचं माप

सी प्रोग्रामिंगची तोंडी परीक्षा म्हटलं की माझी दातखीळ बसायची. बाकी सगळे विषय सुटले, ही एक तोंडीच अडकली होती. दोनदा सरांपुढे नुसती उभी राहून परत आले होते. आता ही शेवटची संधी, नाहीतर पदवी हातची गेली.

लग्न होऊन उदगीरला आले आणि सासूबाईंनी, आमच्या अत्यांनी, माझी परीक्षा स्वतःच घ्यायचं ठरवलं. शाळा सातवीपर्यंत, पण हट्टात त्या कुणाला हार जाणाऱ्या नव्हेत. भाकरी थापता थापता म्हणायच्या, "हं, सांग."

"स्ट्रक्चर म्हणजे मसाल्याच्या डब्याचा आराखडा," मी सांगायची. "आतल्या वाट्या म्हणजे मेंबर. डबा अजून घडवलाच नाही, तरी एकट्या हळदीच्या वाटीचं माप काढायचं."

"डबाच न्हाई, तर वाटी कुठून आली गं?"

"मेमरीत शून्य पत्त्यावर डबा आहे असं मानायचं, अत्या, आणि त्यातल्या वाटीकडं बोट दाखवायचं. माप काढणारा साइझऑफ आत डोकावतच नाही. वाटी कोणत्या प्रकारची, एवढं बघून माप सांगतो."

"न्हाई कळलं. परत सांग."

रोज तेच. पालथ्या घड्यावर पाणी! मनातल्या मनात मी चरफडायची. मग एका संध्याकाळी मीही हट्टाला पेटले, पदर खोचला आणि पहिल्यापासून ठणकावून सांगितलं.

"हाव, आता कळलं," अत्या म्हणाल्या.

मला कोण अभिमान! सासूला सी शिकवणारी सून अख्ख्या मराठवाड्यात दुसरी नसेल.

परीक्षेला त्या विष्णुपुरीच्या कॉलेजपर्यंत सोबत आल्या. आत झुपकेदार मिशांचे सर. त्यांनी नेमकं तेच विचारलं, व्हेरिएबल न बनवता मेंबरचा साइझ कसा काढाल?

"बघा अत्या..." मी म्हणून गेले आणि जीभ चावली.

"अत्या म्हणा नाहीतर मामा म्हणा," सर मिशीत हसले, "पण उत्तर पूर्ण करा."

केलं. सरांनी "शाब्बास, सुटलात" म्हटलं तशी मी धावत बाहेर आले आणि अत्यांच्या पाया पडले.

"तुम्हाला कळलं ना, अत्या, तेव्हाच मला धीर आला."

"मला कुठं काय कळलंय गं?" त्या माझं तोंड कुरवाळत म्हणाल्या. "रोज सांगताना तुझा आवाज कापायचा. त्या दिवशी न्हाई कापला, म्हणून हाव म्हणले."

मी तिथंच, कॉलेजच्या फाटकात, त्यांच्या गळ्यात पडून रडले.