ठमीचा ब्रश

लोकांच्या तोंडात दात बसवण्यात कवळीवाल्या काकांची हयात गेली. घराच्या पुढच्याच खोलीत त्यांचं काम चाले. प्लास्टर कालवायचं, मेण कोरायचं, एकेक दात असा लावायचा की घालणाऱ्यालाही तो खोटा वाटू नये. दातांचे डॉक्टर त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास टाकत. आणि या बहाद्दराच्या पायाशी एक जबडा वर्षभर सडत होता.

जबडा ठमीचा. ठमी ही काकूंची कुत्री, वीतभर उंच आणि नको तितकी लाडावलेली. रोज सकाळी काकू तिला मांडीवर घेत, ओठ उचलत आणि छोट्या ब्रशने तिचे दात घासत. तिघांचे ब्रश एकाच पेल्यात, म्हणून ठमीच्या ब्रशला निळा दोरा बांधलेला.

"आता हिला आरसा आणि कंगवाही आणून दे," काका चेष्टा करत.

"तुमच्याकडे येतात ते सगळे दात गेल्यावर येतात. माझ्या ठमीवर ती वेळ यायची नाही," काकू ठसक्यात सांगत.

मग काकूच गेल्या. शेवटच्या आठवड्यात बोलायचं त्राण नव्हतं, तरी त्यांनी दोनदा सांगितलं, "ठमीचे दात तेवढे घासत जा." काका दोन्ही वेळा "हो" म्हणाले.

आणि घरी येऊन या माणसाने काय करावं? ठमीचा ब्रश पेल्यात होता तसा जपून ठेवला. काकूंचा शेवटचा हात लागलेली वस्तू, ती वापरायला त्यांचा जीव होईना. रोज पेला पुसायचा आणि ब्रश जागच्या जागी. दोऱ्याची गाठसुद्धा हलू दिली नाही. दुसरा ब्रश आणावा, हे डोक्यात आलंच नाही. दुःखात माणसाची अक्कल गहाण पडते हे कबूल, पण इतकी?

दुपारी काका खुर्चीत टेकले की ठमी उडी मारून त्यांच्या कानाखाली तोंड खुपसायची. हळूहळू त्या तोंडाला वास यायला लागला. वय झालं हिचं, असं काकांनी ठरवून टाकलं आणि ते तिला ढकलू लागले. "हो लांब! तोंड तिकडे कर!" रोज हेच. महिनाभरात ठमी शहाणी झाली. ती अजूनही शेजारी येऊन बसायची, पण भिंतीकडे तोंड करून.

पुढे तिने कडक बिस्किटं सोडली. काकांनी लगेच तोच उपाय काढला, जो ते नवी कवळी घातलेल्या म्हाताऱ्यांना सांगत आले होते : मऊ खा. दुधात भिजवलेला पाव ठमी मुकाट्याने गिळायची, वाडगं लख्ख करायची. खातेय म्हणजे ठणठणीत आहे, अशी काकांची समजूत. समोरचे चार दात पांढरे दिसत होते. ओठ उचलून मागे पाहायला क्षणभर लागला असता.

एका सकाळी पावाचा तुकडा तिच्या तोंडातून गळून पडला. हनुवटी वाकडी लोंबत होती. काकांनी तिला चादरीत गुंडाळलं आणि प्राण्यांच्या दवाखान्याकडे धाव घेतली.

तरुण डॉक्टरणीने तिचा ओठ अलगद उचलला. मागच्या दाढांवर दगडासारखा पिवळा थर, खाली हिरडीच्या जागी पू. जबडे हाताळण्यात म्हातारा झालेल्या माणसाला समजावून सांगण्यासारखं काही नव्हतं.

"हाड आतून पोखरलंय काका, म्हणून मोडलं," डॉक्टरीण म्हणाली. "दुखत कधीपासून असेल. ही बिचारी जनावरं बोलत नाहीत, तशीच खात राहतात."

"सगळे दात काढून टाका. मी भरवीन तिला. मला येतं ते."

थोड्या वेळाने रक्ताचा रिपोर्ट आला. तो वाचून डॉक्टरीण म्हणाली, "मूत्रपिंडं कामातून गेलीत. त्यात हा पू रक्तात भिनलाय. भूल दिली तर टेबलावरच जाईल. आणि भूल न देता या जबड्याला हात लावणं म्हणजे हालच." तिने जुनी फाइल चाळली. "काकू दरवर्षी दात तपासायला आणायच्या. नंतर कुणी आणलंच नाही?"

"मी होतो ना," काका म्हणाले.

"शांत झोपवू या तिला. सुटेल त्रासातून."

काकांनी मान हलवली. इंजेक्शन भरायला डॉक्टरीण आत गेली, तसे ते टेबलावर वाकले आणि त्यांनी आपला कान ठमीच्या तोंडाशी नेला. वास तोच होता. त्यांनी तो छातीभर घेतला.

"ठमे, ये. खुपस तोंड. ये ना गं."

ठमीने शेपटी हलवली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

काका टेबलाला वळसा घालून भिंतीच्या बाजूला गेले, पुन्हा वाकले. ठमीने घाईघाईने, जणू आपलंच काही चुकलं असावं, तो मोडका जबडा उचलून तोंड दुसरीकडे केलं.